जहाज जळते ते खलाशी उतरल्यावर

२१ मे २००७ रोजी पहाटे लंडनमधील ग्रिनिच येथे सुक्या गोदीत उभे असलेले ‘कटी सार्क’ हे जहाज पेटले. १८६९ मध्ये पाण्यात उतरलेले आणि चीनमधला नव्या हंगामाचा चहा सर्वांआधी लंडनला पोहोचवण्याच्या शर्यतीत धावलेले हे जहाज त्या वेळी दुरुस्तीसाठी प्रेक्षकांना बंद होते. ज्वाळा विझतात न विझतात तोच वाद सुरू झाला. पुढे २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे ओकचे छत जळाले, २०२४ मध्ये कोपनहेगनमधील जुन्या शेअर बाजाराची इमारत जळाली, तेव्हाही तोच वाद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा झाला. एक पक्ष म्हणतो, जागोजागी नळ आणि फवारे बसवलेले असते तर हे टळले असते. दुसरा म्हणतो, शेकडो वर्षांच्या तुळयांना भोके पाडून नळ बसवणे हीच वारशाची हानी आहे. तिसऱ्याच्या मते लाकूडच ते, कधी ना कधी जळणारच. नकाशे जपून ठेवावेत, गरज पडली तर प्रतिकृती बांधावी आणि पुढे जावे.

माझ्या मते या तिन्ही पक्षांची नजर चुकीच्या घटकेवर खिळली आहे. आग लागल्यानंतर काय, एवढाच प्रश्न ते विचारतात. ऐतिहासिक लाकडी जहाजांच्या बाबतीत निर्णायक प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पहिली ठिणगी पडली तेव्हा जहाजावर कोण होते आणि त्याच्याकडे कोणती जबाबदारी सोपवलेली होती? चालत्या जहाजात आणि जतन केलेल्या जहाजात लाकूड तेच असते, फरक पडतो तो माणसांचा. पहिल्यावर खलाशी राहतात, जेवतात, झोपतात आणि पाळीपाळीने जागतात. दुसऱ्यावर संध्याकाळनंतर सहसा कोणी राहत नाही. जतन करताना आपण डोलकाठी उभी करतो, दोरखंड ताणतो, तोफा पुन्हा जागेवर बसवतो, रंग मूळचाच होता की नाही यावर महिनोन्‌महिने खल करतो, पण त्या जहाजाला वर्षानुवर्षे जिवंत ठेवणारा जो रात्रीचा पहारा, तो काही परत आणत नाही. जहाजाचा तो भाग आपण गमावला आहे आणि आगी तिथूनच आत शिरतात.

कटी सार्कच्या चौकशीत आगीचे जे सर्वांत संभाव्य कारण ठरले, ते ऐकून चटका बसतो. शनिवार-रविवारच्या सुटीसाठी काम थांबले तेव्हा धूळ ओढणारे एक औद्योगिक व्हॅक्यूम यंत्र चालूच राहिले होते. सुमारे ४८ तास ते तसेच चालत राहिले, तापले आणि पेटले. वीज पडली नव्हती, कोणी सूडाने काडी लावली नव्हती, एक बटण बंद करायचे राहिले होते. ‘नॉर्मंडी’ हे पोलादी प्रवासी जहाज ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळाले, तेही सैनिकांच्या वाहतुकीसाठी त्यात बदल चालू असताना. धातू कापणाऱ्या ज्योतीची ठिणगी जीवरक्षक जॅकेटांच्या ढिगावर पडली आणि जहाजाची स्वतःची अग्निशमन यंत्रणा त्याच कामासाठी बंद करून ठेवलेली होती. आपल्या मुंबईच्या नौदल गोदीत २१ जुलै २०२४ रोजी ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली, तेव्हा तीही दुरुस्तीतच होती. नोत्र दामच्या छतावरही परांची उभारून काम चालू होते. लाकूड असो वा पोलाद, वेळ मात्र एकच दिसते. दुरुस्तीच्या दिवसांत जहाजावर परकी माणसे, परकी अवजारे आणि तात्पुरत्या विजेच्या तारा येतात, नेहमीच्या यंत्रणा बंद असतात, आणि जहाज मालकाचे असले तरी काम कंत्राटदाराचे असल्यामुळे रात्रीची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

लाकूड जळणारच, या विधानात अर्धेच सत्य आहे. फूटभर जाडीची सागवानी किंवा ओकची तुळई काडी लावून पेटत नाही. तिचा वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ आडोसा देतो. मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर अशा गतीने आग आत सरकते. मग जहाजे इतक्या झपाट्याने का जातात? कारण आधी पेटते ते जहाज नसतेच. पेटतो भुसा, रंध्याचे कपचे, रंगाचे डबे, प्लास्टिकचे आच्छादन आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या, ज्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर काडीशिवायही आपोआप तापून पेटू शकतात. १८४३ मध्ये अमेरिकेची ‘मिसूरी’ ही लाकडी युद्धनौका जिब्राल्टरला जळून नष्ट झाली, ती भांडारात फुटलेल्या टर्पेंटाइनच्या एका बरणीमुळे. एकदा अशा किरकोळ गोष्टींनी उष्णता धरली की जहाजाची घडणच तिला मदत करते. बरगड्यांच्या बाहेरून एक आणि आतून एक अशा फळ्यांच्या दोन भिंती असतात. त्यांच्यामधल्या पोकळ्या तळापासून डेकपर्यंत धुराड्यासारख्या उभ्या जातात, आणि फटींत भरलेले डांबर व वर चढलेले रंगाचे थर आगीला वाट दाखवतात. खाली धुमसणारी आग वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे लाकडी जहाज वाचवायचे तर पहिली दहा-पंधरा मिनिटे हाती हवीत, आणि ती फक्त तिथे असलेल्या माणसाच्याच हाती येतात.

जुन्या काळच्या लोकांना हे पुरते ठाऊक होते. शिडाच्या युद्धनौकेइतकी पेटायला सोपी वस्तू क्वचितच कोणी बांधली असेल: लाकूड, डांबर, ताग, कापड, पिंपांतली दारू, चालती चूल आणि तळाशी कित्येक टन बारूद. अशा जहाजावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राहिली, ती नशिबाच्या भरवशावर राहिली का? ब्रिटिश आरमारात बारूदखान्यात दिवा नेत नसत. शेजारच्या वेगळ्या खोलीत कंदील ठेवून काचेआडून उजेड आत सोडत. आत जाणाऱ्याच्या पायात मऊ सपाता असत, पिंपांना तांब्याच्या पट्ट्या असत, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडता कामा नये. चूल ठरल्या वेळी विझे आणि दिवे मालवले की नाहीत हे पाहायला अंमलदार स्वतः फेरी मारी. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानातून घडलेली आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे ती टिकली याचे श्रेय आपण मलबारच्या सागाला देतो आणि ते रास्तच आहे. पण सागालाही कोणीतरी राखावे लागते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसांनी गजबजलेली जहाजेही जळाली. मार्च १८०० मध्ये इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ ‘क्वीन शार्लट’ ही शंभर तोफांची नौका पेटली आणि साडेसहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईतच बांधलेली, मुंबईचेच नाव लावणारी ‘बॉम्बे’ डिसेंबर १८६४ मध्ये मोंटेव्हिडिओजवळ जळून बुडाली. तिच्यावरचे नव्वदहून अधिक लोक परतले नाहीत. टेम्स नदीत नांगरून मुलांची प्रशिक्षणशाळा बनवलेली जुनी ‘गोलायथ’ १८७५ मध्ये हातातून पडलेल्या एका दिव्यामुळे गेली. मग माणसे असून काय उपयोग झाला? उलट माणसेच दिवा पाडतात, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ‘क्वीन शार्लट’वर आग लागली ती डेकखाली नेहमीच्या शिस्तीबाहेर ठेवलेल्या गवताला, आणि ती लावली तोफा डागण्यासाठी जवळच पेटत ठेवलेल्या वातीने. पहारा निरुपयोगी असल्याचा हा पुरावा होत नाही. नियमाला एका दिवसाची सूट दिली की काय होते, याचा तो पुरावा आहे. शिवाय तोल पाहा. त्या जहाजांवर चूल, दिवे, तंबाखू, बारूद अशी आगीची शंभर निमित्ते रोज हजर असत आणि तरी बहुतेक जहाजे आगीने संपली नाहीत. आजच्या संग्रहालयी जहाजावर यांतले जवळजवळ काहीच नाही, बारूद नाही, चूल नाही, उघडी ज्योत नाही. इतकी निमित्ते कमी होऊनही ते जळत असेल, तर राखण कुठेतरी भयंकर उणी पडली आहे.

यंत्रे नकोत, असे माझे म्हणणे नाही. यंत्र झोपत नाही, कंटाळत नाही आणि धूर माणसाच्या नाकाआधी ओळखते. ज्यांना नळांमुळे मूळपण डागाळते असे वाटते त्यांनी नॉर्वेकडे पाहावे. तिथे मध्ययुगातली २८ लाकडी स्टाव्ह चर्च उरली आहेत, काही आठशे वर्षांहून जुनी. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचे फँटॉफ्ट चर्च जाळपोळीत राख झाले, त्यानंतर तिथल्या वारसा खात्याने धूरसूचक आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या यंत्रणा बसवण्याचे काम नेटाने केले. लाकडाविषयी त्या लोकांना आपल्याइतकीच, किंबहुना अधिकच, आस्था आहे. एका तुळईला पडलेले बोटभर भोक आणि तुळईच नसणे यांची तुलना कोणत्या तराजूत करायची? परंतु यंत्राचा इशारा माणसाला कळावा लागतो. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामच्या यंत्रणेने आगीचा इशारा वेळेवर दिला होता. तो समजण्यात घोळ झाला, पाहायला गेलेला माणूस आधी भलत्याच ठिकाणी पोहोचला, आणि अग्निशमन दलाला बोलावणे जाईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. ज्याला इमारतीचा कानाकोपरा माहीत आहे आणि कोणाला न विचारता दल बोलावण्याचा ज्याला अधिकार आहे, असा एक माणूस त्या संध्याकाळी हवा होता.

पाण्याविषयीची भीती मात्र खरी आहे आणि ती जहाजांपुरती विशेष आहे. इमारतीत ओतलेले पाणी वाहून जाते; तरंगत्या जहाजात ते साचते, एका बाजूला धावते आणि जहाज कलंडवते. दर घनमीटर पाण्याचे वजन एक टन. ‘नॉर्मंडी’ आगीतून बऱ्याच अंशी वाचले होते. विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याने ते कुशीवर आडवे झाले. ब्रह्मपुत्राही आग आटोक्यात आल्यानंतर एका अंगावर कलली आणि एका नौसैनिकाचा प्राण गेला. म्हणून ‘जहाजांनाही स्प्रिंकलर सक्तीचे करा’ असा सरसकट आग्रह धरणाऱ्यांना मी विचारीन: कोणत्या जहाजांना? इंग्लंडमधील पोर्ट्समथची ‘व्हिक्टरी’ ही जुनी युद्धनौका १९२२ पासून सुक्या गोदीत आहे, तिथे कलंडण्याचा प्रश्नच येत नाही. ट्रिंकोमाली पाण्यावर आहे. तिथे थोड्या पाण्यात काम भागवणारे बारीक तुषार, साचलेले पाणी उपसण्याची सोय, आणि कोणत्या मजल्यावर किती पाणी सोडायचे याचा आधी केलेला हिशोब हवा. हा हिशोब शहरातल्या बंबवाल्यांना आगीच्या रात्री करता येणार नाही. त्यांनी ते जहाज दिवसाउजेडी, शांतपणे, आधी चढून-उतरून पाहिलेले असायला हवे.

आता प्रतिकृतीचा मुद्दा. त्याच्या बाजूने सर्वांत चांगले उदाहरण ट्रिंकोमालीच्याच जन्मकथेत आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही युद्धनौका डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिंकली आणि जाळून टाकली. काम रखडले, नकाशे पुन्हा आले आणि जहाज झाले. तेव्हा नकाशा असला की जहाज पुन्हा होते, हे खरेच की! पण जे पुन्हा होते ते काय? इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळातून १९२८ ते १९३२ या काळात रोमन सम्राट कालिगुलाच्या काळची दोन प्रचंड जहाजे बाहेर काढली गेली, प्रत्येकी ७० मीटरपेक्षा लांब. त्यांच्यासाठी संग्रहालय बांधले, बारकाईने मोजमापे घेतली, आणि ३१ मे १९४४ च्या रात्री युद्धाच्या धुमश्चक्रीत ती दोन्ही तिथेच जळाली. मोजमापे आजही आहेत. पण लाकडातल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत जगापुढे आली ती पाच वर्षांनी, १९४९ मध्ये. ते झाड कधी तुटले, कोणत्या रानातले होते, दुष्काळात वाढले की सुकाळात, हे सांगणारे लाकूडच उरले नाही. त्या काळच्या मोजणाऱ्यांना यांतले बरेच प्रश्न सुचलेही नसतील. आपल्याला आज न सुचलेले प्रश्न ट्रिंकोमालीच्या सागवानातही आहेत.

याचीच दुसरी बाजू आपल्या घरी आहे. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका गोव्यात बांधली गेली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, फटी काथ्या आणि राळेने बुजवून. तिचा आराखडा कुठून आला? अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील एका चित्रावरून. बांधणाऱ्यांचे कौतुक करावे तितके थोडे. मागून पुढून कशी दिसे, तळ कसा होता, वजन कसे तोलले जाई, हे त्यांना चित्र आणि आयआयटी मद्रासमधल्या चाचण्या यांच्या आधारे जवळजवळ नव्याने शोधावे लागले. प्रतिकृतीवाद्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. त्या काळचे एक जरी जहाज, एक जरी अख्खी बाजू शिल्लक असती तर हा तर्काचा डोंगर उपसावा लागला असता का?

विजयदुर्गाविषयी बोलताना आपण हीच चूक करतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना साथ देण्यात चूक केली की तुळाजींनी ती ओढवून घेतली, यावर आपण अडीचशेहून अधिक वर्षे भांडतो आहोत. पण एका दुपारी अख्खे आरमार गेले कसे, हा साधा प्रश्न क्वचित विचारला जातो. एक गोळा एका जहाजावर पडला, ते पेटले, आणि बंदरात एकमेकांना लागून उभी असलेली जहाजे एकामागोमाग एक पेटत गेली. समुद्रात त्यांना गाठणे शत्रूला वर्षानुवर्षे जमले नव्हते. दाटीने उभी असताना एक गोळा पुरला. आज संग्रहालयी जहाजाच्या कठड्याला लागून उपाहारगृहाची गॅस शेगडी, दुकान आणि प्लास्टिकचे मंडप उभे राहतात तेव्हा ती दाटी आपण पुन्हा निर्माण करतो.

आणि अधिकार कोणाचा, हे आधी ठरले नसले तर माणसे असूनही काही होत नाही, हे मुंबईइतके कोणाला ठाऊक असावे? १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’च्या पोटात कापूस धुमसत होता आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती. पाणी मारणारे होते, कप्तान होता, बंदराचे अधिकारी होते, लष्कराचे तज्ज्ञ होते. जहाज बुडवायचे की ओढून बाहेर न्यायचे, हा निर्णय एकट्याने घेईल असा कोणी नव्हता. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतो.

जपानने अशा एका दिवसाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजी मंदिरातील प्राचीन भित्तिचित्रे आगीत होरपळली, तीही चित्रांच्या नकला करण्याचे काम चालू असताना. पुढच्या वर्षी तिथे सांस्कृतिक ठेव्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि आता दरवर्षी त्या तारखेला ठिकठिकाणच्या लाकडी मंदिरांवर खरोखर पाणी मारून सराव होतो. एवढे सराव करायला पैसा कुठून आणायचा, हा छोट्या संस्थांचा प्रश्न मी हलका मानत नाही. तिकिटांवर चालणाऱ्या जहाजाला रात्रपाळीची तीन माणसे पोसणे जड जाते. पण कटी सार्क पुन्हा उभी करून २०१२ मध्ये प्रेक्षकांना खुली करेपर्यंत सगळ्या कामाचा खर्च पाच कोटी पौंडांच्या घरात गेला होता, आणि तेही तिच्या डोलकाठ्या व बराचसा मूळ ऐवज दुरुस्तीसाठी आधीच दुसरीकडे हलवलेला होता म्हणून. दुरुस्तीच्या करारात चार अटी लिहिण्यासाठी वेगळा निधी लागत नाही: दिवसाचे काम संपले की मुख्य कळ खाली पाडायची आणि ती पाडणाऱ्याने सही करायची, ठिणगी उडवणारे काम झाले की त्या जागी निदान तासभर माणूस बसवायचा, तेलकट चिंध्या आणि भुसा त्याच दिवशी जहाजाबाहेर न्यायचा, रात्रीचा पहारेकरी कंत्राटदाराऐवजी जहाजाच्या विश्वस्तांना जबाबदार ठेवायचा आणि अग्निशमन दल बोलावताना त्याला कोणाची परवानगी लागणार नाही, हे लेखी द्यायचे.

कौंडिण्य आज चालते जहाज आहे, तिच्यावर खलाशी आहेत, आणि तोवर मला तिची फारशी काळजी नाही. एक दिवस ती किनाऱ्यावर येईल, तिच्यासाठी दालन बांधले जाईल, प्रकाशयोजना ठरेल, माहितीफलकांचा मजकूर ठरेल. काथ्या, राळ आणि सुके लाकूड यांच्या त्या जहाजाशेजारी रात्री कोण जागणार, ते पद त्याच मूळ प्रस्तावात, दालनाच्या खर्चाआधी, मंजूर करून घेतले पाहिजे. आणि गोव्याच्या असो वा मुंबईच्या, त्या शहराच्या अग्निशमन दलाने उद्घाटनापूर्वी येऊन जहाजाच्या तळापर्यंत उतरून पाहिले पाहिजे.